माझगावहून दिमोनाला: एका धार्मिक बेने इस्रायल कुटुंबाचा प्रकरण अभ्यास (१९६२–१९६६)

प्रस्तुत प्रकरण १९६२ च्या उन्हाळ्यात मुंबईतील माझगाव सोडून इस्रायलच्या दक्षिणेकडील दिमोना या गावी स्थायिक झालेल्या एका धार्मिक बेने इस्रायल कुटुंबाचे, म्हणजे कोकणातल्या मराठी भाषक ज्यू समाजातल्या कुटुंबाचे, आहे. घरात सात माणसे होती: रेल्वेत कारकून असलेले वडील, आई, वडिलांची वृद्ध आई आणि चार मुले. थोरली मुलगी तेव्हा एकोणीस वर्षांची होती, तर धाकटा मुलगा सहा वर्षांचा होता. हे एखाद्या विशिष्ट घराचे चरित्र नाही. त्या दशकात कोकणी ज्यू कुटुंबांच्या वाट्याला जे प्रसंग वारंवार आले, ते येथे एका घराभोवती एकत्र मांडले आहेत. कायदे, सार्वजनिक घटना आणि तारखा मात्र जशा घडल्या तशाच दिल्या आहेत.

धर्म नीट पाळता यावा म्हणून ज्यूंच्या देशात गेलेल्या घराचे रोजचे धार्मिक जीवन तेथे सोपे झाले की अवघड, हा या अभ्यासाचा प्रश्न आहे. पाळणे सोपे झाले, पण काय पाळायचे आणि कोणी पाळायचे हे ठरवणे घराच्या हातून गेले, असे या प्रकरणातून दिसते.

माझगावचे घर

बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते की अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला. कोकणात तेल गाळण्याचा धंदा करणारी आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारी ही माणसे ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखली जात. अठराव्या शतकापासून ती मुंबईत येऊ लागली. १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल ऊर्फ समाजी हसाजी दिवेकर यांनी मांडवी भागात शार हारहमीम हे सिनेगॉग बांधले. सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहाला, समाजातली माणसे सरळ ‘मशीद’ म्हणतात. १९४८ च्या सुमारास भारतात सुमारे २०,००० बेने इस्रायल होते. त्यांत रेल्वे, टपाल, महापालिका आणि सैन्य यांतील नोकरदार पुष्कळ होते, आणि आपले कुटुंब याच वर्गातले होते.

या घरात शब्बाथ, म्हणजे शनिवारचा पवित्र विश्रांतीचा दिवस, पाळणे हा दर आठवड्याचा उद्योग होता. शनिवार हा मुंबईचा कामाचा दिवस असल्यामुळे वडील सहकाऱ्यांशी पाळ्या बदलून घेत, सणासुदीला त्यांच्या जागी काम करून ती परतफेड करत, आणि तरीही वर्षातून काही शनिवार किरकोळ रजेत जात. बढतीची एक जागा केवळ शनिवारच्या जबाबदारीमुळे त्यांनी सोडली होती, हे घरात सर्वांना माहीत होते. त्याबद्दल कोणी बोलत नसे. मुलांचा प्रश्न त्या मानाने सोपा होता, कारण माझगावची सर एली कदूरी शाळा, म्हणजे हाईम सॅम्युएल किहीमकरांनी १८७५ मध्ये सुरू केलेली मूळची इस्रायली शाळा, शनिवारी बंद आणि रविवारी चालू असे. मॅट्रिकनंतर मात्र शनिवारी येणाऱ्या परीक्षांचा पेच प्रत्येक धार्मिक घराला सोडवावा लागत असे.

स्वयंपाकघराचा कारभार आजींकडे होता आणि तो काटेकोर होता. मासळी खवले आणि पर असलेलीच यायची. कोळंबी, तिसऱ्या आणि खेकडे यांना उंबरा ओलांडता येत नसे. कोंबडी हज्जानकडून, म्हणजे मशिदीत प्रार्थना चालवणाऱ्याकडून, कापून आणली की ती अर्धा तास पाण्यात ठेवायची, मग सगळ्या बाजूंनी जाड मीठ लावून तिरक्या पाटावर तासभर निथळत ठेवायची, आणि तीन पाण्यांनी धुऊन मगच मसाला लावायचा, हा क्रम घरातल्या मुलींना लहानपणापासून पाठ होता. मांस आणि दूध एकत्र न करण्याच्या नियमाला कोकणचा स्वयंपाक फार सोयीचा पडला, कारण रस्सा दाट करायला तेथे नारळाचे दूध असते. नव्या वर्षाचा चिकाचा हलवासुद्धा नारळाच्या दुधात होत असल्यामुळे मटणाच्या जेवणानंतर तो बिनधास्त वाढता येई. शुक्रवारी संध्याकाळी म्हटल्या जाणाऱ्या किद्दुश या आशीर्वादासाठी कोशेर, म्हणजे धर्मनियमांत बसणारा, द्राक्षारस सहज मिळत नसल्याने आजी गुरुवारी रात्री काळ्या मनुका भिजत घालत, दुसऱ्या दिवशी कुस्करून फडक्यातून गाळत आणि त्या सरबतावर आशीर्वाद म्हटला जाई.

या सगळ्यात वरून देखरेख करणारे कोणीही नव्हते. बेने इस्रायलांमध्ये रब्बी, म्हणजे धर्मशास्त्राचा निर्णय देणारे अधिकारी, नव्हते; हज्जान, मशिदीचा मुकादम आणि घरातली वडीलधारी माणसे यांच्या संमतीने रीत ठरत असे. शेजारचे हिंदू आणि मुसलमान त्यांना ज्यू म्हणून ओळखत. इराककडून मुंबईत आलेले बगदादी ज्यू त्यांच्याशी सोयरीक करायचे टाळत, ही गोष्ट मनाला लागणारी होती. पण त्यामुळे कोणाचे लग्न अडत नव्हते, कारण लग्ने आपसातच होत.

स्थलांतराचे कारण म्हणून कुटुंब नेहमी धर्माचेच नाव घेई. ते खरेही होते, पण पुरते नव्हते. नातलग एकामागून एक गेले होते, मशिदीत प्रार्थनेसाठी लागणारे दहा पुरुष रोजच्या दिवशी जमवणे कठीण होऊ लागले होते आणि मुलींसाठी स्थळे कमी होत चालली होती. १९५१–५२ मध्ये बीरशेवा येथे स्थायिक झालेल्या काही बेने इस्रायलांनी वागणुकीला कंटाळून धरणे धरले होते आणि त्यांच्यातल्या काहींना भारतात परत पाठवण्यात आले होते, हेही या घराला माहीत होते. तरीही १९५० च्या परतीच्या कायद्याने ज्यूंना दिलेला इस्रायलमध्ये स्थायिक होण्याचा हक्क वापरून ते निघाले.

दिमोनातला आठवडा

दिमोना १९५५ मध्ये नेगेवच्या वाळवंटात वसवलेले गाव. तेथे मोरोक्कोहून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने होती, आणि कामाची साधने म्हणजे मुख्यतः कापडगिरण्या. सोखनूतने, म्हणजे ज्यू एजन्सीने, या कुटुंबाला दोन खोल्यांचे सरकारी घर, लोखंडी खाटा, गाद्या आणि थोडी भांडी दिली. मुंबईहून आणलेली मेझुझा, म्हणजे धर्मवचनांची गुंडाळी असलेली छोटी डबी, वडिलांनी पहिल्याच दिवशी दाराच्या उजव्या चौकटीला ठोकली. पंधरा वर्षे कारकुनी केलेल्या माणसाला हिब्रू येत नसल्यामुळे गिरणीत सुताच्या पेट्या हलवण्याचे काम मिळाले. दर्जाची ही घसरण त्यांनी शेवटपर्यंत मनाला लावून घेतली, पण ती या अभ्यासाचा विषय नाही.

विषयाशी संबंध आहे तो शनिवारचा. १९५१ च्या कामाचे तास आणि विश्रांती यांच्या कायद्याने ज्यू कामगाराची साप्ताहिक सुट्टी शब्बाथला बांधलेली होती. आठवडा रविवारी सुरू होई, शुक्रवारी दुपारी काम थांबे, आणि सूर्यास्ताच्या आधी बस बंद होत. ज्या दिवसासाठी मुंबईत बढती सोडावी लागली, तो येथे मागावा लागत नव्हता. वडिलांना पहिले काही महिने याचे अप्रूप इतके होते की शनिवारी सकाळी ते मुद्दाम गिरणीच्या बंद दरवाजावरून चालत मशिदीला जात. सगळीकडे मात्र दरवाजे बंद नव्हते. ज्या कारखान्यांना काम अखंड चालवण्याचा परवाना होता, त्यांत शनिवारी पाळी असे आणि पगारही बरा असे. अशा एका ठिकाणची जागा वडिलांनी पुढे नाकारली. म्हणजे धर्मासाठी पदरचे घालण्याची सवय अगदीच सुटली नाही.

शनिवारच्या गरम जेवणाचा प्रश्नही शेजाऱ्यांच्या सोबतीने सुटला. विस्तव पेटवायचा नाही आणि विझवायचा नाही, म्हणून माझगावला शुक्रवारी रांधलेले थंडच खाल्ले जाई. दिमोनात समोरच्या मोरोक्कन बाईने आईला प्तिलिया नावाच्या रॉकेलच्या वातीच्या शेगडीवर पत्रा ठेवून, मंद आचेवर हरभरे, बटाटे, अंडी आणि मांस यांचे पातेले रात्रभर कसे ठेवायचे ते दाखवले. आईने त्यात हळद, धणे आणि लाल तिखट घातले. ते पातेले पुढे दोन्ही घरांत शनिवारी उघडले जाई, फक्त रंगावरून कोणाचे ते ओळखू येई.

कोशेर मांस कोपऱ्यावरच्या दुकानात शिक्का मारून मिळू लागले. हज्जानची वाट पाहणे संपले. मीठ लावण्याचे काम तेवढे घरी उरले, आणि आजी शिक्क्याकडे ढुंकूनही न पाहता कोंबडी पुन्हा तपासत. कोशेर द्राक्षारसाची बाटली दुकानात स्वस्त होती, तरी मनुका भिजत घालणे त्यांनी सोडले नाही. वडील द्राक्षारसावर किद्दुश म्हणत आणि त्यानंतर सरबत फिरे. नारळ मिळत नसे, कोकम तर नाहीच. मुंबईहून येणाऱ्या माणसाकडून पोहे, मसाला आणि कोकम मागवले जाई, आणि नारळाच्या अभावी आईचे रस्से पातळ झाले ते झालेच.

पंचांग, शाळा आणि मशीद

सणांच्या बाबतीत बदल अधिक खोल होता. इस्रायलबाहेरचे ज्यू पेसाख हा सण, ज्यात आंबवलेला पाव वर्ज्य असतो, आठ दिवस पाळतात, इस्रायलमधले सात दिवस. बाहेर सेदेरच्या, म्हणजे विधीच्या जेवणाच्या, रात्री दोन, तेथे एकच. शावुओथसारखा सणही दोनाचा एक होतो. कायमचे राहायला आलेल्या माणसाने तेथील रीत धरावी, हा धर्मशास्त्राचा निर्णय स्पष्ट आहे आणि वडिलांनी तो स्वीकारला. आजींना तो पटला नाही. आठव्या दिवशी घरात पाव आला तेव्हा त्या उठून गॅलरीत बसल्या आणि संध्याकाळपर्यंत फक्त तांदळाची भाकरी खाल्ली. आयुष्यभर जो दिवस पवित्र होता, तो गाव बदलल्यामुळे साधा कसा होतो, हा त्यांचा प्रश्न अडाणीपणाचा म्हणता येणार नाही.

याच्या उलट, काही गोष्टी येथे प्रथमच जागेवर बसल्या. सुक्कोथ या मांडवांच्या सणाच्या शेवटी पावसासाठी जी प्रार्थना केली जाते, ती कोकणात पावसाळा सरत आलेला असताना म्हणावी लागे. झापांचा मांडव अजून ओला असे आणि माणसे पाऊस मागत. दिमोनात तीच प्रार्थना कोरड्या उन्हाळ्याच्या अखेरीस येत होती आणि हिवाळ्यातल्या चार सरींवर वर्ष अवलंबून होते. वडिलांनी हे हिब्रू वर्गातल्या शिक्षकाला सांगितले, तेव्हा त्याला त्यातली गंमत कळली नाही.

काही नियम तर माझगावला केवळ तोराहमध्ये, म्हणजे धर्मग्रंथात, वाचलेले होते. जमिनीला सातव्या वर्षी विश्रांती देण्याचा नियम इस्रायलच्या भूमीलाच लागू आहे, आणि असे एक वर्ष सप्टेंबर १९६५ मध्ये सुरू झाले. मुख्य रब्बी कार्यालय त्या वर्षापुरती जमीन बिगर-ज्यूला विकल्याचा कागद करून शेती चालू ठेवू देते. कडक पंथांना ही पळवाट मान्य नाही. आईने भाजीवाल्याकडे कोणता टोमॅटो चालतो हे विचारायला सुरुवात केली. जे चालते ते कार्यालयाच्या कागदावरून चालते, हे तिला लवकरच कळले, आणि ज्या बाईने मुंबईच्या बाजारात फक्त स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवून मासळी निवडली होती तिला ते मनापासून रुचले नाही.

१९५३ च्या शिक्षण कायद्याने सरकारी शाळांचे दोन प्रवाह झाले होते, साधा आणि धार्मिक. कुटुंबाने अर्थातच धार्मिक प्रवाह निवडला. मुले वर्षभरात फाडफाड हिब्रू बोलू लागली, आणि ज्या प्रार्थना आजींना अर्थ न कळता कानाने पाठ होत्या त्यांचा शब्दशः अर्थ नातवंडांना समजू लागला. ही मोठीच कमाई होती. तिची दुसरी बाजू पेसाखला दिसली. शाळेतल्या युरोपीय वंशाच्या शिक्षिकेने पेसाखमध्ये भात खात नाहीत असे शिकवले होते. मध्य आणि पूर्व युरोपातील ज्यूंची ती रीत आहे, तर बेने इस्रायल आणि पुष्कळ पौर्वात्य समाज तांदूळ खातात. दहा वर्षांच्या मुलीने ताटातला भात बाजूला सारून “हे कोशेर नाही” असे म्हटले, तेव्हा आजींनी तीन वेळा निवडलेले तांदूळ पाखडायच्या सुपासकट तिच्यापुढे ठेवले. वडिलांनी मुलीची समजूत काढली, पण शिक्षिकेकडे जाऊन बोलण्याचे त्यांच्या मनात आले नाही. मुंबईत ते नक्की गेले असते.

गावात बेने इस्रायलांची वेगळी मशीद सुरुवातीला नव्हती. मोरोक्कन मशिदीत सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेनमधील ज्यूंच्या, पद्धतीची प्रार्थना जवळपास तीच होती, चाली मात्र निराळ्या. वडिलांचा आवाज चांगला असूनही त्यांना तोराहवाचनासाठी उभे राहायला संकोच वाटे. दीड-दोन वर्षांनी काही भारतीय घरांनी मिळून एका लाकडी खोपट्यात स्वतःची प्रार्थना सुरू केली, तेव्हा प्रार्थनेनंतर हातांना हात लावून ओठांशी नेण्याची हातबोशी आणि मराठी गप्पा दोन्ही परत आल्या. मलिद्याबद्दल मात्र आधी भीती होती. प्रेषित एलियाहू हन्नाबीच्या नावाने पोहे, नारळ, गूळ आणि फळे यांचे ताट ठेवून आशीर्वाद म्हणणे, आणि अलिबागजवळ खंडाळ्याला त्याच्या रथाची खूण मानलेल्या खडकाचे दर्शन घेणे, हे येथील रब्बींना हिंदू वळणाचे वाटेल अशी शंका होती. परंतु मोरोक्कन लोक स्वतःच आपल्या संतांच्या पुण्यतिथ्या वाजतगाजत करत. त्यांनी मलिदा आनंदाने खाल्ला. खंडाळ्याची जागा हळूहळू हैफाच्या कार्मेल डोंगरातील एलियाहूच्या गुहेने घेतली.

विवाहनोंदणी

येथवरच्या सर्व अडचणी चुटपुट लावणाऱ्या, पण निभावून नेण्याजोग्या होत्या. १९६४ च्या वसंतात जे घडले ते तसे नव्हते.

थोरली मुलगी गिरणीत काम करत होती आणि तेथल्याच एका मोरोक्कन कुटुंबातल्या धार्मिक तरुणाशी तिचे लग्न ठरले. दोन्ही घरे राजी होती. इस्रायलमध्ये नागरी विवाह नाही. १९५३ च्या कायद्यानुसार ज्यूंचे विवाह आणि घटस्फोट रब्बींच्या न्यायालयांच्या अखत्यारीत आहेत. म्हणून आई-वडील मुलीला घेऊन विवाहनोंदणीच्या कार्यालयात गेले. वडिलांचे हिब्रू कामचलाऊ आणि आईचे त्याहून कमी असल्यामुळे सोळा वर्षांचा मुलगा दुभाषा म्हणून बरोबर होता.

पार्श्वभूमी अशी होती. बेने इस्रायलांशी विवाह धर्मसंमत आहेत का, याबद्दल काही रब्बींनी शंका काढल्या होत्या. या समाजात घटस्फोटाचा विधिवत ‘गेट’, म्हणजे घटस्फोटपत्र, दिला जात नसावा, तसे असेल तर घटस्फोटितेच्या दुसऱ्या विवाहाची संतती धर्मदृष्ट्या विवाहास अपात्र ठरते, आणि काही शतकांत बाहेरच्या रक्ताचा शिरकाव झाला असावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. मुख्य रब्बी यित्झाक निस्सीम यांच्या नेतृत्वाखाली ऑक्टोबर १९६१ मध्ये रब्बी मंडळाने असे विवाह वर्ज्य नाहीत असा निर्णय दिला. पण फेब्रुवारी १९६२ मध्ये नोंदणी करणाऱ्या रब्बींना सूचना गेल्या की अर्जदार बेने इस्रायल असेल तर त्याच्या आईची, आजीची आणि शक्य तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी, आईबाप किंवा आजीआजोबा यांपैकी कोणी घटस्फोटानंतर पुन्हा लग्न केले होते का तेही पाहावे, आणि शंका उरल्यास प्रकरण न्यायालयाकडे पाठवावे. सूचनांमध्ये समाजाचे नाव घेऊन हे लिहिले होते.

कार्यालयात वडिलांनी मुंबईच्या मशिदीत झालेल्या स्वतःच्या लग्नाचा केतुबा, म्हणजे विवाहकरार, टेबलावर उलगडला. अधिकाऱ्याने तो नीट वाचला आणि त्यात काही दोष काढला नाही. मग त्याने आईकडे पाहून विचारायला सुरुवात केली. “तुमच्या आईचे माहेर?” “अष्टमी, रोह्याजवळ.” “तिच्या आईचे?” “चेऊल.” “आणि तिच्या आईचे?” आईला ते माहीत नव्हते. कोकणातली आडनावे गावावरून पडलेली आणि बापाकडून चालत आलेली. पेणकर, किहीमकर, रोहेकर यांची पुरुषांकडची साखळी सांगणारे पुष्कळ असतात, परंतु विचारली जात होती ती आईकडची साखळी, जिच्यातली प्रत्येक बाई लग्नानंतर दुसऱ्या आडनावात गेलेली होती. जुन्या कागदांत नावेही समाजी, हसाजी अशी मराठी वळणाची होती, आणि ती ज्यू नावे आहेत हे अधिकाऱ्याला समजावून सांगावे लागत होते. शेवटचा प्रश्न आईच्या आईच्या घटस्फोटाचा होता. मुलगा गप्प बसला. अधिकाऱ्याने प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा त्याने तो आईला मराठीत न सांगता स्वतःच “नाही” असे उत्तर दिले.

अर्ज राखून ठेवला गेला. अधिकारी उद्धट नव्हता. त्याने त्यांना पाणी दिले आणि मुंबईहून दाखले मागवायला सांगितले.

घरातली प्रतिक्रिया एकसारखी नव्हती. वडील संतापले नाहीत, खचले. ज्या माणसाने शनिवारसाठी बढती सोडली, त्याचा शब्बाथ कोणी विचारातच घेतला नव्हता. विचार झाला तो त्याच्या बायकोच्या पणजीचा. आईला सर्वांत जास्त लाज वाटली ती व्याह्यांसमोर. आजी सर्वांत मोठ्याने बोलल्या, आणि येथे एक गोष्ट नोंदवणे भाग आहे. बेने इस्रायलांमध्ये स्वतःच गोरा इस्रायल आणि काळा इस्रायल असा भेद होता, बाहेरच्या आईची संतती मानल्या गेलेल्या काळ्यांशी गोरे लग्न करत नसत, आणि याच आजींनी तरुणपणी नणंदेचे स्थळ त्या कारणावरून मोडले होते. थोरल्या मुलीने ते त्यांना ऐकवले. त्यानंतर दोघी काही आठवडे एकमेकींशी बोलल्या नाहीत.

व्याह्यांचे वागणे चांगले राहिले. मुलाच्या बापाने नातेवाइकांना साखरपुड्याचे पेढे वाटले होते, ते त्याने परत मागितले नाहीत, असे तो हसत सांगे. मात्र थांबण्याला मर्यादा असते हेही त्याने एकदा वडिलांजवळ बोलून दाखवले.

दरम्यान १९६४ च्या उन्हाळ्यात निरनिराळ्या गावांतील बेने इस्रायल कुटुंबांनी जेरुसलेममध्ये ज्यू एजन्सीच्या इमारतीसमोर धरणे धरले. बायकामुलांसह माणसे तेथे राहिली. आपल्या कुटुंबातून आई आणि मोठा मुलगा गेले. वडील गेले नाहीत, कारण धर्माच्या अधिकाऱ्यांविरुद्ध रस्त्यावर बसणे त्यांना धर्माला सोडून वाटत होते. या मुद्द्यावर पतिपत्नींत खरा मतभेद होता आणि तो मिटला असे म्हणता येत नाही. १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेतचे, म्हणजे इस्रायलच्या संसदेचे, खास अधिवेशन झाले. पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारने भूमिका घेतली की बेने इस्रायल हे सर्व बाबतींत, विवाहासह, इतर ज्यूंच्या बरोबरीचे ज्यू आहेत, आणि रब्बी मंडळाने समाजातील अन्यायाची भावना दूर करावी. ३१ ऑगस्टला मंडळाने सूचना बदलल्या: बेने इस्रायल हे शब्द काढून टाकले आणि ज्याच्या कुलाबद्दल शंका असेल अशा कोणाचीही चौकशी करावी, असे लिहिले.

या बदलाचे मोल नेमके किती, याबद्दल मतभेद होऊ शकतो. समाजाचे नाव कागदावरून गेले, ही मोठी गोष्ट होती. शंका घेण्याचा अधिकार मात्र अधिकाऱ्याकडेच राहिला, आणि शंका कोणाची घ्यायची हे माणूस समोर बसल्यावर ठरते. माझ्या मते धरण्याने जिंकले ते बरोबरीचे स्थान. माझगावच्या घराकडे असलेली मोकळीक परत मिळाली नाही, आणि ती मिळणे त्या व्यवस्थेत शक्यही नव्हते. जे राज्य शनिवारची बस थांबवते तेच लग्नाची वही ठेवते.

या कुटुंबापुरते सांगायचे तर मुंबईच्या मशिदीतून मुकादमाच्या सहीचे पत्र आणि आईच्या आईवडिलांच्या विवाहनोंदीची नक्कल सप्टेंबरच्या अखेरीस आली. त्याच अधिकाऱ्याने सुक्कोथनंतर अर्ज मान्य केला. पणजीचे माहेर या वेळी विचारले गेले नाही.

लग्न आणि नंतर

लग्न १९६४ च्या हिवाळ्याच्या तोंडी झाले. मेंदी दोन्ही घरांची होती, कारण मोरोक्कन लोकांतही ती आहे. फक्त कोणाची दाट आणि कोणाची बारीक नक्षीची यावरून बायकांत चढाओढ झाली. आदल्या रात्री मलिदा झाला आणि त्यासाठी मुंबईहून आलेल्या एका पाहुण्याने दोन नारळ आणले होते. विधी कार्यालयाने नेमलेल्या रब्बीने लावला. बेने इस्रायलांमध्ये वर उभा राहून वधूला उद्देशून हिब्रू गीत म्हणतो. मोरोक्कन वराला ते येत नव्हते, म्हणून ते मुलीच्या भावाने आणि त्या लाकडी खोपट्यातल्या चार जणांनी रब्बी निघून गेल्यावर म्हटले. मुलीने पांढरी साडी नेसली. मंगळसूत्र घालायचे की नाही यावर आईने दिवसभर विचार केला आणि शेवटी ते मुलीच्या पेटीत ठेवले.

त्या वर्षापासून घरातली कामे वाटली गेली ती पुढे तशीच राहिली. कार्यालयाशी संबंध येईल असे सर्व काही, म्हणजे शाळेचा प्रवेश, मिक्वे या शुद्धिस्नानाच्या हौदाची वेळ, मांसाचा शिक्का, सातव्या वर्षाच्या भाजीचा कागद, मोठ्या मुलाकडे आले. आजींकडे मनुकांचे सरबत, तांदूळ निवडणे आणि एलियाहूचे ताट राहिले. वडिलांनी खोपट्यातल्या मशिदीत तोराह वाचायला सुरुवात केली आणि गिरणीतल्या कामाबद्दल तक्रार करणे कमी केले. योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवशी, ज्याला आजी दारफाळणीचा सण म्हणत, पूर्वी हे घर स्वतःचे दार लावून आणि पांढरे कपडे घालून दिवस काढत असे, आणि बाहेर मुंबई नेहमीसारखी चालू असे. दिमोनात त्या दिवशी रस्त्यावर एकही गाडी नसते. धाकटा मुलगा शेजारच्या मुलांबरोबर मोकळ्या रस्त्यावर खेळायला पळे, आणि उपास धरलेल्या आजी त्याला दार लावून घरात बसायला सांगत; त्याला त्याचे कारण कळत नसे.

मोठ्या मुलाने कार्यालयात दिलेले ते “नाही” खरे होते की नव्हते, हे त्याने आईला कधी विचारले नाही. मुंबईला दाखल्यांसाठी पत्र गेले तेव्हा आईने त्यात एक ओळ आपल्या हाताने वाढवली होती: प्रत्येक कागदाच्या चार नकला पाठवाव्यात, धाकटी तीन मुले अजून लग्नाची आहेत.